पाणी मी टाकलं होतं

चेन्नईच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला दोघं जण घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही विट्याकडच्या एका खेड्यात, मास्तर हजर असला त्या दिवसापुरतं. ते म्हणाले, चालेल, चुका आम्ही काढू. मी म्हटलं, शुद्धलेखनाच्या काढा, बाकीच्या राहू द्या. बाकीच्यांवरच लिहायचं आहे.

विमानतळावर नोकरी केली म्हटलं की लोक विचारतात, विमानात होता का? मी सांगतो, होतो की, विमानाच्या पोटात. तुम्ही वर खुर्चीला पट्टा लावून बसता. तुमच्या पायाखाली दोन पोटं असतात, एक पुढं, एक मागं. त्यात तुमच्या बॅगा जातात आणि बॅगांच्या जोडीला व्यापाऱ्यांचा माल जातो. ती पोटं भरणारा माणूस मी. चेन्नईत हमालांच्या टोळीच्या मुकादमाला मेस्त्री म्हणतात. माझं नाव ज्ञानू, इथल्या लोकांनी पहिल्या आठवड्यात त्याचं ज्ञानम केलं. एकतीस वर्षं मी ज्ञानम मेस्त्री होतो.

आमच्या भागातली पोरं सोन्याचांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर जातात. मीही चुलत्याबरोबर इथं सौकारपेटला आलो. ॲसिडच्या धुरानं छाती भरायला लागली म्हणून तिथून पळालो आणि मीनंबाक्कमला, विमानतळावरच्या मालाच्या गोदामात हमाल म्हणून लागलो. चुलता म्हणाला, सोनं सोडून ओझं धरलंस. धरलं. त्याचा पस्तावा मला कधी झाला नाही.

हे काम नुसत्या ताकदीचं आहे असं वाटतं, ते तसं नाही. जमिनीवर उभं असलेलं विमान बैलगाडीसारखं असतं. मागं ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उठतं. एकदा एका नव्या टोळीनं पुढचं पोट रिकामं ठेवून मागचं गच्च भरलं. विमानाचं नाक हळूच वर जायला लागलं. वर पायलट चहा पीत होता, त्याच्या शर्टावर तो सगळा सांडला. त्यानं खिडकीतून डोकं काढून जे शब्द वापरले ते मंडळाच्या अंकात छापता येणार नाहीत. म्हणून कुठल्या पोटात कुठला माल आणि किती वजनाचा, याचा एक कागद आम्हाला मिळतो. भरून झालं की सगळं नियमाप्रमाणं लावलंय म्हणून मेस्त्री त्यावर सही करतो. तो कागद पायलटकडे जातो आणि त्याच्या भरवशावर तो विमान उचलतो. सातवी शिकलेल्या माणसाची सही घेऊन विमान उडतं, ही गोष्ट मी सासऱ्यांना सांगितली होती. सासरे इथल्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात कारकून, तंजावरकडचे मराठी, फार शिकलेले. ते म्हणाले, मग मी रेल्वेनंच जात जाईन.

पोटाचं छत कमी उंचीचं असतं. आत उभं राहता येत नाही, गुडघ्यावर काम करायचं. बसून बसून पायानं पेट्या सरकवायच्या. सगळे तसंच करतात. एकाच पेटीला पाय लावायचा नाही, ती म्हणजे आखातात वारलेल्या, परत येणाऱ्या माणसाची पेटी. बायका-पोरं बाहेर वाट बघत असतात. ती पेटी आली की टोळीतला हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिश्चन असो, हातानंच धरणार. हे कुणी शिकवलं नव्हतं, कुठल्या कागदावरही नव्हतं.

कागदावर नसलेल्या गोष्टी आमच्या कामात पुष्कळ होत्या. काही चांगल्या होत्या. एक वाईट होती, आणि ती मी एकतीसातली निदान वीस वर्षं केली.

चेन्नईहून सिंगापूरला मोगरा जातो. मल्ली म्हणतात इथं. तिथल्या तमिळ बायकांच्या केसांत संध्याकाळी जो गजरा असतो तो सकाळी आमच्या हातातून गेलेला असतो. मोगऱ्याबरोबर विड्याची पानं, कढीपत्ता, केळीची पानं. सगळं बांबूच्या टोपल्यांत, वरून ओलं गोणपाट शिवलेलं. विमान वेळेवर असलं तर काही नाही. विमानाला उशीर झाला तर हा माल उन्हात उघड्या गाडीवर पडून राहतो. चेन्नईच्या मे महिन्यात तिथल्या काँक्रीटवर अनवाणी पाय ठेवून बघा. फुलांचा माणूस मुरुगेसन कुंपणापलीकडून हात जोडून उभा असायचा. म्हणायचा, मेस्त्री, माल तहानलाय. मग आम्ही हातपाय धुवायच्या पिंपातलं पाणी बादलीनं गोणपाटावर ओतायचो. नियम असा की वजन झाल्यावर मालाला हात लावायचा नाही, आणि ओला माल खाली प्लास्टिक घातल्याशिवाय पोटात ठेवायचा नाही. पण तहानलेल्याला पाणी देणं याला कोण गुन्हा म्हणणार? सगळे मेस्त्री द्यायचे. त्याबद्दल मुरुगेसन हातभर मल्ली केळीच्या पानात बांधून द्यायचा. माझी बायको अंबुजा ती माळायची आणि म्हणायची, आज कुणाचं विमान उशिरा गेलं?

अंबुजा जाऊन आता अकरा महिने झाले. तिच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो, पण हे तिच्याशिवाय लिहिता येत नाही.

ज्या वर्षी हे घडलं त्या वर्षी तिच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती. दोन जिने चढली की ओठ निळे पडायचे. कंपनीच्या कायम कामगाराला आणि त्याच्या बायकोला खाजगी दवाखान्याची सोय होती. अण्णा नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, तारीखही मिळाली. ती तारीख उजाडायला तीन आठवडे होते. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते माझ्या डोक्यात सारखं याच हिशेबानं फिरत होतं.

मे महिना. दुपारचं सिंगापूरचं विमान. चाकाचा टायर बदलायचा निघाला म्हणून दोन तास उभं. मुरुगेसनच्या टोपल्या उन्हात. मी हात लावून बघितला, गोणपाट कोरडंठाक आणि तव्यासारखं गरम. मी स्वतः चार बादल्या ओतल्या. दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही, कारण टोळी पुढच्या पोटात बॅगा लावत होती. पाणी निथळायच्या आत टायर बदलून झाला आणि वरून घाई सुरू झाली. टोपल्या तशाच मागच्या पोटात गेल्या, दार लावलं, कागदावर सही केली, विमान गेलं. मी मल्लीची पुडी डब्याच्या पिशवीत ठेवली.

आता त्या पोटात काय असतं ते सांगतो. छताला भोकं असलेल्या लहान डब्या असतात, सेन्सर म्हणतात त्यांना. त्या धूर हुंगतात. आत उजेडाची एक बारीक रेघ असते, तिच्या वाटेत धूर आला की वर पायलटच्या पुढ्यात लाल दिवा लागतो आणि घंटा वाजते. पण डबीला नाक नाही. तिच्या वाटेत काहीतरी आलं एवढंच तिला कळतं. धूर आला की वाफ, ते कळत नाही. आणि मी त्या पोटात गरम टोपल्यांवर पाणी ओतून दार लावलं होतं. विमान वर गेलं, पोट गार पडलं. थंडीत तोंडातून वाफ निघते तशी त्या टोपल्यांतून वाफ निघाली.

वर काय झालं ते मला नंतर चौकशीत कळलं. पायलट बाई होत्या, कॅप्टन रेवती. घंटा वाजली तशी त्यांच्या शेजारच्या पायलटनं पुस्तकातलं पान काढून एकेक ओळ मोठ्यानं वाचली आणि त्यांनी एकेक ओळ केली. मागच्या पोटाची हवा बंद. आग विझवायच्या गॅसची बाटली सोडली. विमान वळवलं. दिवा विझायला पाहिजे होता, विझला नाही. वाफ कुठं जाणार? मग त्यांनी मागच्या बाजूच्या एअर होस्टेसला सांगितलं, गालिचाला हात लावून बघ, गरम लागतो का. ती पोरगी उतारूंच्या मध्ये गुडघ्यावर बसून हाताच्या पाठीनं जमीन चाचपत गेली. एका म्हातारीनं विचारलं, काय हरवलं ग? ती म्हणाली, कानातलं. जमीन गरम नव्हती. पण जमीन गरम नाही म्हणजे आग नाही असं नसतं.

मी तेव्हा वजनाच्या कागदांच्या खोलीत होतो. तिथला कारकून सेल्वम रेडिओवर बोलत होता आणि बोलता बोलता त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून मला कळलं. त्यानं रेडिओ हातानं झाकला आणि म्हणाला, अण्णा, सिंगापूर परत येतंय, मागच्या पोटात धुराचा दिवा आहे, कॅप्टन विचारतेय आत काय काय आहे. कागद बघून मी सांगितलं, फुलं, पानं, कपड्यांचे खोके, मागच्या रांगांच्या बॅगा. त्यानं तसं सांगितलं. मला पहिल्याच क्षणी चार बादल्या दिसल्या.

ड्यूटी मॅनेजर नटराजन आत आले. माणूस वाईट नव्हता. मी त्यांना कोपऱ्यात नेऊन सांगितलं, सार, मी पाणी टाकलंय. त्यांना अंबुजाचं माहीत होतं, दवाखान्याच्या कागदावर त्यांचीच सही होती. हळू आवाजात म्हणाले, ज्ञानम, ती काहीही झालं तरी उतरणारच आहे. दिवा लागला की उतरायचंच असतं, तुझ्या सांगण्यानं त्यात फरक पडत नाही. आग निघाली नाही तर सेन्सर खराब म्हणून लिहितील, बदलतील. सेन्सर सारखे खराब होतात. तू गप्प बस.

ते खोटं बोलत नव्हते. विमान उतरणारच होतं. मी खरंच गप्प बसलो. सेल्वम पुढचं विचारून घेत होता आणि रेडिओतून बाईंचा आवाज येत होता, शांत, भाजीचा भाव विचारावा तसा. त्या म्हणाल्या, थांबल्याबरोबर घसरगुंड्या सोडून सगळ्यांना बाहेर काढायचा विचार आहे, अग्निशमनवाल्यांना तसं कळवा.

घसरगुंडी म्हणजे दारातून फुगून खाली पडणारं रबराची मोठी उतरण. लहान पोराला ती मजा वाटेल. दुमजली घराच्या उंचीवरून उडी मारायची आणि घसरत काँक्रीटवर यायचं. सरावासाठी कंपनीची तरणी पोरं उतरतात तेव्हा त्यांचेही घोटे मुरगळतात. आणि त्या दिवशी मागच्या बॅगा मीच लावल्या होत्या. त्यांत व्हीलचेअरच्या चिठ्ठ्या लावलेल्या बॅगा होत्या, एकामागून एक. सिंगापूरच्या विमानात कोण असतं? मुलींच्या बाळंतपणाला निघालेल्या आया. साठीच्या, सत्तरीच्या, गुडघे गेलेल्या, नऊवारीसारखं लांबलचक लुगडं गुंडाळलेल्या. दार लावायच्या आधी मी त्यांना व्हीलचेअरवरून ढकलत नेताना बघितलं होतं. त्यांच्यातल्या निम्म्या तरी कंबर मोडून घेणार.

मी सेल्वमच्या हातातून रेडिओ घेतला. नटराजन सारांनी माझं मनगट धरलं. मग सोडलं. ते सोडलं हे मी कधी विसरलो नाही.

मी तमिळमध्येच बोललो. इंग्रजी मला येत नाही. म्हटलं, अम्मा, मी लोडिंग मेस्त्री. मागच्या पोटात फुलांच्या टोपल्या आहेत. त्यांच्यावर मी पाणी टाकलंय. चार बादल्या.

मग बाईंनी तमिळमध्येच विचारलं, टाकलं तेव्हा माल गरम होता?

"तव्यासारखा."

"खाली प्लास्टिक होतं?"

"नव्हतं."

"पाणी तुम्ही स्वतः टाकलंत? का ऐकीव सांगताय?"

"मी स्वतः, अम्मा. माझ्या हातानं."

"मग आग नाही असं सांगताय का मला?"

आयुष्यात मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नाही. हो म्हणावंसं वाटत होतं. पण त्या बॅगांत कुणी काय भरलं होतं ते मला काय ठाऊक? कुणाच्या बॅगेतली बॅटरी पेटली असेल, वर वाफही असेल. मी म्हटलं, "नाही. आग नाही असं मी सांगू शकत नाही. पाणी होतं एवढंच सांगतो."

"नाव काय?"

"ज्ञानम मेस्त्री."

त्या म्हणाल्या, नंड्री, म्हणजे आभार. आणि रेडिओ बंद झाला.

विमान जड उतरलं. आत सगळं इंधन होतं, चाकांतून धूर निघाला. तो खरा धूर होता, पण त्याच्याकडे कुणी बघेना. धावपट्टीच्या बाजूला थांबलं. अग्निशमनच्या गाड्यांनी वेढा घातला. त्यांच्याकडे उष्णता दिसणारा कॅमेरा असतो, तो त्यांनी मागच्या दाराला, पोटाला, सगळीकडे लावला. पत्रा गार होता. आम्ही खिडकीतून बघत होतो. वरची दारं बंदच. घसरगुंड्या आल्या नाहीत. सेल्वम म्हणाला, अण्णा, जिने मागवलेत.

म्हाताऱ्या जिन्यानं उतरल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी, दोन्ही बाजूला माणसं. तोपर्यंत मला गाडीतून तिथं नेलं होतं, कारण उतारू उतरल्यावर पोटाचं दार उघडायला मेस्त्री पाहिजे होता. एक पाट्टी, म्हणजे आजीबाई, माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, काय रे, माझी लोणच्याची बरणी फुटली तर नाही ना? मुलीला नववा महिना लागलाय, तिला तेवढंच खावंसं वाटतंय. मी म्हटलं, बघून सांगतो. ती म्हणाली, तुम्ही लोक सगळंच बघून सांगता. आणि चालत गेली. पायानं चालत गेली. तिची ती पाठमोरी चाल मला अजून दिसते.

सगळे दूर गेल्यावर मी दार उघडलं. पांढरं दाट धुकं बाहेर लोळत आलं. अग्निशमनचे दोघे पाइप घेऊन मागं सरले. मी सरलो नाही. मला वास आला होता. भिजलेलं गोणपाट आणि मोगरा, भरून राहिलेला, घुसमटवणारा. त्यांच्यातल्या थोराड माणसानं मुखवटा काढला, दोनदा हुंगलं आणि म्हणाला, काय मेस्त्री, विमानात लग्नाचा कल्याण मंडप भरला होतास का? सगळे हसले. मीही हसलो. मग कुणीतरी पाण्याचा ओघळ बघितला आणि कागदावर लिहून घ्यायला लागलं, तेव्हा हसणं थांबलं.

लोणच्याची बरणी शाबूत होती. मी मुद्दाम बघितलं आणि निरोप पाठवला.

त्याच संध्याकाळी मला निलंबनाचं पत्र मिळालं. चौकशी संपेपर्यंत पगार अर्धा आणि दवाखान्याची सोय बंद. तो नियमच होता, त्यात माझ्याविरुद्ध कुणी काही केलं नव्हतं. घरी येऊन अंबुजाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून तिनं विचारलं, "अस्कं सांगिटलंत त्या बाईला?" तिच्या तंजावरच्या मराठीत अस्कं म्हणजे सगळं. मी म्हटलं, सगळं. ती म्हणाली, "दुसऱ्यांच्या आयांचं बघिटलंत. माझं?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वाढायची, पाणी ठेवायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच दवाखान्याची फाइल काढली आणि म्हणाली, चला, सरकारी इस्पितळात नाव घालून येऊ.

चौकशीत टेबलापलीकडे तीन साहेब होते. पाणी कोण कोण टाकतं असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी टाकतो. दुसऱ्यांची नावं मी दिली नाहीत, पण ही चाल सगळीकडे आहे आणि ती मी नव्या मेस्त्रींनाही शिकवली, हे सांगितलं. मल्लीच्या पुडीचंही सांगितलं. एक साहेब म्हणाले, तुम्ही बोलला नसता तर सेन्सर बदलून प्रकरण मिटलं असतं, मग का बोललात? मी म्हटलं, साहेब, सेन्सर बदलला असता, पाणी तेच राहिलं असतं. नव्या सेन्सरवरही मीच पाणी ओतलं असतं. असं चार वेळा झालं की पायलट म्हणतील, हा दिवा खोटाच लागतो. आणि पाचव्या वेळेला खरी आग असेल. सेन्सर खोटं बोलला नव्हता, साहेब. त्याच्या अकलेप्रमाणं तो खरंच बोलला. खोटी माझी सही होती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. एवढं बोललो याचा मला अभिमान आहे. लपवत नाही.

कॅप्टन रेवतीही आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, दिवा लागला म्हणून मी परत आले, ते कुणी काहीही सांगितलं तरी आलेच असते. पण मेस्त्रींनी सांगितलं नसतं तर मी घसरगुंड्या सोडल्या असत्या. त्यांनी आग नाही असं सांगितलं असतं तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता. मला ठाऊक नाही म्हणाले, म्हणून ठेवला, आणि पत्रा गार आहे कळेपर्यंत थांबले. हे त्यांनी लिहूनही दिलं. जाताना माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मेस्त्री, पुन्हा पाणी टाकलंत तर मी तुम्हाला पोटात घालून सिंगापूरला नेईन. मी म्हटलं, अम्मा, तिथं बसायला जागा नाही, गुडघ्यावर यावं लागेल.

पाच महिन्यांनी ताकीद देऊन कामावर घेतलं. फुलांच्या मालाला सावलीची शेड मिळाली, टोपल्यांखाली प्लास्टिकचे ट्रे आले, हातपाय धुवायचं पिंप तिथून हललं. मुरुगेसन म्हणाला, मेस्त्री, तुमच्यामुळं फुलं सावलीत आली, माझ्या मालाला आता तहान लागत नाही. मग उरलेलं वर्षभर मी नव्या पोरांना पोट भरायला शिकवलं आणि निवृत्त झालो. आता टोळीत माझ्या ओळखीचं कुणी नाही. पण सेल्वमचा फोन येतो. तो सांगतो, नव्या मेस्त्रींना पहिल्या दिवशी चार बादल्यांची गोष्ट सांगतात. नाव सांगत नाहीत. चांगलं करतात.

अंबुजाचं ऑपरेशन सरकारी इस्पितळातच झालं, ठरलेल्या तारखेच्या दोन महिन्यांनंतर. ते दोन महिने मी मोजून काढले. ती झोपली की तिच्या छातीला कान लावून बसायचो. डॉक्टर उत्तम होते, खोटं का बोलू, झडप चांगली बसली, ती पुढं आठ वर्षं जगली आणि गेली ती दुसऱ्याच आजारानं. पण वॉर्ड मोठा, खाटेला खाट लागलेली, पंखा एक सोडून एक चालणारा, बाहेरच्या नातेवाइकांना वेळ सांगून आत सोडायचे. अण्णा नगरला तिला स्वतंत्र खोली मिळाली असती. हे मला रोज टोचायचं. ती त्याबद्दल एक शब्द बोलायची नाही, आणि ते जास्त टोचायचं.

ऑपरेशननंतरच्या आठवड्यात एका सकाळी मी कांजीचा, म्हणजे पेजेचा डबा घेऊन गेलो. वॉर्डच्या दारात पडदा होता. पलीकडून शेजारच्या खाटेवरच्या बाईचा आवाज आला. ती तमिळमध्ये विचारत होती, अक्का, तुझा नवरा विमानतळावर आहे म्हणतेस, मग तू इथं गर्दीत कशी?

अंबुजा म्हणाली, आमचं अण्णा नगरला ठरलं होतं. एसीची खोली होती. पण त्या दिवशी विमानात म्हाताऱ्या बायका होत्या. आमच्या ह्यांनी त्यांना जिन्यानं उतरवलं, म्हणून मी इथं आले.

बाई म्हणाली, पायलट आहेत का ते?

"नाही ग," अंबुजा म्हणाली. आवाजात दम नव्हता, पण ती प्रत्येक शब्द नीट लावून बोलत होती. "पायलट त्यांना विचारून विमान उतरवतात."

हे खरं नव्हतं. मी वर सगळं लिहिलं आहे, खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे. मला कुठलीही गोष्ट अर्धवट सांगितलेली खपत नाही, मी भर लग्नात लोकांच्या चुका काढलेला माणूस आहे. पण मी पडदा सरकवला नाही. शेजारच्या बाईनं पुढच्या खाटेवरच्या बाईला हाक मारली आणि म्हणाली, ऐकलंस का? अंबुजानं पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली, आणि तिचं सांगून होईपर्यंत मी डबा धरून बाहेरच उभा राहिलो.